बिभाचा ग्रह



संयोजकांनी विचारलं, "मॅडम, दुर्बीण आणणार का?" म्हटलं, नाही. वसई-विरारच्या दिव्यांमधून दिसणार तरी काय? आणि आजचा विषय दुर्बिणीइतकाच कागदावरच्या गणिताचा आहे.

ग्रह कसे बनतात हे मी कॉलेजात शिकवते. नव्या ताऱ्याभोवती वायू आणि धुळीची तबकडी फिरते, कण चिकटत चिकटत ग्रह होतात. ताऱ्याजवळ उष्णता, म्हणून तिथे लहान, खडकाळ ग्रह. लांब, बर्फ टिकतो तिथे गुरूसारखे मोठे. हिशेब चोख होता. फक्त तो तपासायला उदाहरण एकच होतं, आपली सूर्यमाला! आपलं घर तसंच सगळ्यांचं, असं शास्त्रज्ञांनाही वाटतं बरं.

१९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांना ५१ पेगासी या ताऱ्याभोवती गुरूसारखा ग्रह सापडला. गुरूची एक फेरी जवळपास १२ वर्षांची, याची ४.२ दिवसांची. इतक्या जवळ एवढा ग्रह बनणार कसा?

एक उत्तर असं, की तो लांब बनला आणि आत सरकला. ग्रह तबकडीत लाटा उठवतो, त्या लाटाच त्याला मागे ओढतात आणि तो ताऱ्याकडे घसरतो. गंमत म्हणजे ग्रह असे सरकतात हे गणित गोल्डराइख आणि ट्रेमेन यांनी १९८० मध्येच मांडलं होतं. ओटो स्ट्रुव्ह यांनी तर १९५२ मध्येच सुचवलं होतं की असे जवळचे मोठे ग्रह शोधून बघा. फार कोणी मनावर घेतलं नाही.

मनावर न घेतलेलं आणखी एक नाव आपल्या मुंबईतलं आहे. बिभा चौधरी. १९४९ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलेल्या त्या पहिल्या महिला संशोधक. १९९१ मध्ये त्या गेल्या, तेव्हा त्यांना ओळखणारे थोडेच होते. २०१९ मध्ये एका ताऱ्याला 'बिभा' हे नाव मिळालं. त्याच्या ग्रहाचं नाव 'संतमस'. तोही गुरूपेक्षा जड, आणि फेरी २.१ दिवसांची.

संतमस लाटांनी सरकला, की दुसऱ्या कुणाच्या ओढीने त्याची कक्षा लांबट होऊन आत आला? अशा ग्रहांबद्दल हा वाद अजून मिटलेला नाही.

तो ताऱ्यापासून किती अंतरावर आहे, हे मात्र आत्ता काढता येईल. केप्लरचा नियम दहावीला होता. तारा सूर्याएवढा धरा. खडू इथे आहे. कोण येतंय?