देवमाशाच्या दर्शनाला

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर मिरिसा म्हणून गाव आहे. तेथे समुद्र किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर एकदम खोल होतो आणि निळा देवमासा तेथवर येतो. डिसेंबर ते एप्रिल पाणी शांत असते. आम्ही मार्च गाठला. कॅमेऱ्याचे शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवले, सूर्य पाठीशी घेतला. प्रथम फवारा उडाला. मग पाठ दिसली, ती काही संपेचना! चारपाच लाँची तिकडे धावल्या. देवमाशापासून १०० मीटर दूर राहावे असा तेथला नियम आहे. आमचा लाँचवाला थांबतही होता. 'आणखी जवळ' म्हणून त्याला टोचणारे आम्हीच, हे कबूल केले पाहिजे. शेपटी उचलून देवमासा बुडाला, तेव्हा आमच्या भिंगावर खारे पाणी उडालेले. छायाचित्र एकच निघाले. त्यात लाँचीच लाँची आहेत.