बाबासाहेबांची मुंबई पायी पाहताना

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात कट्टा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या कट्ट्याच्या पंचक्रोशीत मुंबई पाहिली नाही असे घर सापडणे कठीण. कोणाचा बाप गिरणीत होता, कोणाचा काका गोदीत, कोणाची बहीण आज तिथे नोकरीला आहे. दरवर्षी ६ डिसेंबरला आपल्यातील अनेकजण चैत्यभूमीवर जातात. रात्रभर रांगेत उभे राहतात, वंदन करतात, शिवाजी पार्कवरची पुस्तके घेतात आणि रात्रीच्या गाडीने परत फिरतात. मीसुद्धा कित्येक वर्षे असाच परत आलो. माझे मोठे काका परळला गावकऱ्यांच्या खोलीत राहायचे. एका खोलीत गावची पंधरा-वीस माणसे, भिंतीला प्रत्येकाची एक ट्रंक, आणि पाळीप्रमाणे झोपायचे. बाबासाहेब ज्या चाळीत राहिले ती तिथून चालत जाण्यासारखी. मी एकदा काकांना म्हटले, ती चाळ दाखवा. ते म्हणाले, "थंय काय बघूचा हा? आमच्याच सारखी खोली ती!"

काकांचे हे बोलणे मी त्यावेळी मुकाट्याने ऐकले आणि गेलो नाही. पुढे वीस वर्षांनी गेलो, आणि ज्यासाठी जायला हवे होते ते काकांनी आधीच सांगितले होते हे तिथे उभा राहिल्यावर कळले. खोली आमच्याच सारखी होती.

सुरुवात लोअर परळपासून करू. सुभेदार रामजी कुटुंब घेऊन मुंबईस आले तेव्हा डबक चाळीत एक खोली होती. त्याच खोलीत चूल, भांडी, सरपण. जागा इतकी अपुरी की बापलेकांना एकाच वेळी नीट झोपता येत नसे. भीमराव लवकर निजायचे, उशाशी जाते, पायाशी शेळी. रात्री दोनच्या सुमारास रामजी त्यांना उठवायचे आणि मग स्वतः पाठ टेकायचे. मुलगा दिव्याच्या उजेडात अभ्यासाला बसायचा. विद्यार्थी मित्रहो, घरात अभ्यासाला जागा नाही ही तक्रार खरी असते, मी ती खोटी म्हणत नाही. पण ज्या बापाने स्वतःची झोप वाटून दिली त्याची आठवणही त्या चाळीच्या नावाबरोबर ठेवा. बाबासाहेबांविषयी बोलताना आपण रामजींना दोन वाक्यांत आटोपतो, हे मला नेहमी खटकते.

तिथून मुलगा शिकायला जायचा तो एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये. आझाद मैदानाजवळची ती दगडी इमारत अजून उभी आहे. बाहेरून पाहिली तरी पुरे. फळ्यामागे इतर मुलांचे डबे ठेवलेले असत. शिक्षकांनी भीमरावांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तेव्हा डबे बाटू नयेत म्हणून मुले धावत सुटली. शहरातली नावाजलेली शाळा, सरकारी शाळा, आणि तरी हे. गावात जात असते, मुंबईत नसते असे म्हणणाऱ्यांनी त्या फुटपाथवर दोन मिनिटे थांबावे.

याच काळातील एक जागा आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने फार जवळची आहे, आणि तिथे आपले कोणीच जात नाही. चर्नी रोड स्टेशनबाहेरची बाग. शाळा सुटल्यावर भीमराव तिथे वाचत बसायचे. त्याच बागेत विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णराव अर्जुन केळूसकर येत असत. हा मुलगा रोज पुस्तक घेऊन बसलेला पाहून त्यांनी चौकशी केली, पुस्तके दिली, काय वाचावे ते सांगितले. हे केळूसकर म्हणजे आपल्या वेंगुर्ले तालुक्यातील केळूस गावचे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला, आणि केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला तोही त्यांनीच. महाराजांनी महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि १९१२ साली भीमराव बी. ए. झाले. १९५६ च्या धम्मदीक्षेचा एक धागा असा केळूसच्या माणसाच्या पुस्तकापर्यंत येतो. बागेत याची खूण म्हणून शोधू गेलो, तर मला काही दिसले नाही. पण बाक होते, आणि एका बाकावर एक मुलगा पुस्तकात तोंड घालून बसला होता. मला बरे वाटले.

भायखळ्याच्या बाजारावरून गेलात तर तेही लक्षात ठेवा. बाबासाहेब आणि माता रमाई यांचे लग्न त्या बाजाराच्या उघड्या छपराखाली, बाजार उठल्यावर रात्री लागले. हॉल नाही, मांडव नाही. सकाळी पुन्हा बाजार भरायचा म्हणून पहाटेपर्यंत सगळे आवरून निघायचे.

आता परळची बी. आय. टी. चाळ. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला, त्याने बांधलेल्या या चाळी. पोयबावडीच्या चाळ नंबर १ मध्ये दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ नंबरच्या खोल्या. १९१२ पासून १९३४ पर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, हे कुटुंब तिथे राहिले. त्या काळात काय काय झाले ते मनात मोजा. रामजी १९१३ साली गेले. कोलंबिया झाले, लंडन झाले, 'मूकनायक' झाले, महाड झाले, काळाराम झाले, गोलमेज परिषद झाली. शाहू महाराज या चाळीत आले. आणि ह्याच खोल्यांनी घरातली मरणे पाहिली. पाच मुलांतला एकटा यशवंत जगला, लाडका राजरत्न १९२६ च्या जुलैत गेला. साहेब परदेशी असताना रमाईंनी संसार रेटला तो इथेच. दोन खोल्यांपैकी एक लिहिण्यावाचण्याची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची, दुसरी संसाराची. गॅलरीतून चालत गेलात की पावलांचा आवाज अख्ख्या मजल्याला ऐकू जातो. अशा गलक्यात प्रबंध कसा लिहिला असेल, हा प्रश्न पुस्तक वाचताना पडत नाही, तिथे पडतो.

मी गेलो तेव्हा चाळीत नेहमीसारखी कुटुंबे राहत होती, कपडे वाळत होते. तिथे स्मारक व्हावे ही जुनी मागणी आहे आणि शासनानेही तशी घोषणा केलेली आहे. पण घोषणा आणि खोली यांच्यात मोठे अंतर असते. मुंबईत जुनी वास्तू कधी जाईल याचा नेम नाही. दादरचे आंबेडकर भवन, जिथे बाबासाहेबांचा छापखाना होता, २५ जून २०१६ च्या पहाटे पाडले गेले. त्यावरून आपल्यात केवढा वाद झाला ते सर्वांना ठाऊक आहे, मी त्यात आज शिरत नाही. पाडलेले पाडलेच. परळच्या ज्या दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेची बैठक झाली, ते दामोदर नाट्यगृहही २०२३ साली पुनर्विकासासाठी बंद झाले. म्हणून मी म्हणतो, पाहायचे ते आता पाहा.

हिंदू कॉलनीतील राजगृह मात्र आपण होऊन बोलावते. १९३० नंतरच्या काळात बाबासाहेबांनी ते बांधले ते मुख्यतः ग्रंथांसाठी. पन्नास हजारांच्या वर पुस्तके. राजगृह हे मगधाच्या राजधानीचे नाव, बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर पहिली धम्मसंगीती तिथे भरली होती. म्हणजे धर्मांतराच्या घोषणेआधीच घराच्या पाटीवर हे नाव आले होते. तळमजल्यावर छायाचित्रे आणि वापरातील वस्तू पाहायला मिळतात. रमाईंना हे घर फार थोडे लाभले, २७ मे १९३५ ला त्यांचे निधन इथेच झाले. ७ जुलै २०२० ला समाजकंटकांनी कुंड्या फोडल्या, काचा फोडल्या, ती बातमी आपण इथे कट्ट्याच्या तिठ्यावर उभे राहून ऐकली होती. हे राहते घर आहे, वर कुटुंबीय असतात. तेव्हा जिन्यात घोषणा द्यायच्या नाहीत. एका सहलीत आमच्याच मुलांनी दिल्या आणि शेजाऱ्यांसमोर मला खाली मान घालावी लागली.

आणखी एक घर सांगतो, काहींना रुचणार नाही. गावदेवीचे मणिभवन. गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की तिथे उतरायचे, आज तिथे संग्रहालय आहे. आपले लोक म्हणतात, आम्ही तिथे कशाला जायचे? अहो, १४ ऑगस्ट १९३१ ला बाबासाहेब स्वतः तिथे गेले होते! दोघांची ती पहिली भेट. बोलणे कडवट झाले. गांधीजींना तोवर वाटत होते की आंबेडकर हे अस्पृश्यांची कळकळ असलेले कोणी ब्राह्मण आहेत. जिना चढताना हे आठवा. पुढच्याच वर्षी पुणे कराराचा प्रसंग यायचा होता.

लंडनला १० किंग हेन्री रोडवरचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली घेतले. राहत्या वस्तीत संग्रहालय नको म्हणून तिथे हरकत निघाली, अखेर २०२० साली परवानगी मिळाली. बाबासाहेब तिथे १९२१-२२ च्या सुमारास राहिले. लंडनच्या एका वर्षासाठी एवढे झाले, परळच्या बावीस वर्षांसाठी आपण किती पत्रे लिहिली? संस्थेच्या जमाखर्चात सहलीचे कलम आहे, या पत्रव्यवहाराचे नाही. कार्यकारिणीने याची नोंद घ्यावी.

आता कामाचे. येत्या डिसेंबरात ज्यांना यायचे आहे त्यांनी दोन दिवस जास्त काढून यावे. ५ तारखेला सकाळी दादरला उतरून राजगृह, दुपारी परळ. ६ ला चैत्यभूमी. ७ ला चर्नी रोडची बाग, मणिभवन, एल्फिन्स्टन आणि फोर्टातले सिद्धार्थ कॉलेज. बरोबर वही हवी. प्रत्येकाने घरातील वडीलधाऱ्यांना विचारून एक पत्ता लिहून आणायचा : आपल्या घरचा माणूस मुंबईत प्रथम उतरला ती चाळ कोणती, खोली नंबर किती, एका खोलीत किती जण. वेळ उरला तर त्यातल्याही एक-दोन पाहू. माझ्या काकांच्या खोलीचा नंबर मी विचारायचा राहून गेलो, आता सांगणारे कोणी उरलेले नाही.

नावे चिटणीसांकडे महिनाअखेरीपर्यंत द्यावीत. मुलींच्या पालकांनी शंका असल्यास मला येऊन भेटावे, बरोबर तीन शिक्षिका आहेत. जय भीम.