प्राणी जवळून पाहताना

(संस्थेच्या स्नेहमेळाव्यात ओवे येथे केलेले भाषण)



आम्ही काही वक्ते नव्हे. दिवसभर बँकेच्या काउंटरवर बसून आकडेमोड करणे हे आमचे काम. तरीही सहलीचा वृत्तान्त सांगा, असा कार्यकर्त्यांचा आग्रह झाला. वृत्तान्त थोडक्यात सांगतो. मात्र त्यात आमच्या हातून घडलेली एक चूक आहे, ती लपवणार नाही.

जानेवारी २०२५ च्या अखेरीस ओव्यातील आम्ही चार कुटुंबे घारापुरीला गेलो. खारघरहून हार्बर लाइनने सीएसएमटी, तेथून गेटवे आणि पुढे लाँचने सुमारे एक तास. बेट आपल्याच रायगड जिल्ह्यातले, उरण तालुक्यातले; पण आमच्यापैकी बहुतेकांनी ते पाहिलेले नव्हते. तेथील लेणी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. पूर्वेकडील टेकडीवर विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत, हे ऐकून आमचा उत्साह दुणावला होता.

लाँच सुटताच कुरव पक्षी मागे लागले. लोक त्यांना सीगल म्हणतात. त्यांपैकी तपकिरी डोक्याचे कुरव लडाख, तिबेट व मध्य आशियातील उंचावरच्या सरोवरांकाठी अंडी घालतात आणि हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर येतात. मासे, कोळंबी, किडे हे त्यांचे अन्न. पण कोणीतरी गाठियांची पुडी फोडली आणि पक्षी हातातला घास टिपू लागले. मुले टाळ्या पिटू लागली, मोबाइल बाहेर निघाले, सारी माणसे एकाच बाजूला झुकली. शेवटी खलाशाला ओरडावे लागले. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळून माणसे दगावली, त्याला जेमतेम महिना लोटला होता. आमच्या अंगात लाइफ जॅकेट होते, तरी आम्हाला त्याचा विसर पडला.

बेटावर उतरून पायऱ्या चढू लागलो, तर कठड्यावर माकडे बसलेली. मुलाच्या हातात वेफरचे पाकीट आम्हीच दिले आणि ‘घाल त्याला’ असेही आम्हीच म्हणालो. माकडाने वेफर घेतला नाही, पाकीटच ओढले. मुलाने ते सोडले नाही. क्षणात त्याच्या मनगटावर ओरखडा उठला व रक्त आले. सौभाग्यवतींनी एका दुकानातून साबण मागून घेतला आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुतली. त्याच दिवशी परतून रेबीजची लस सुरू केली आणि पुढचे डोस ठरलेल्या तारखांना न चुकता दिले. मुलगा आता ठणठणीत आहे. लेणी मात्र पाहायची राहिली आणि स्तूपाची टेकडी लांबूनच पाहावी लागली.

परतताना लाँचमध्ये मुलाने विचारले, “पप्पा, मी तर त्याला खायला देत होतो. मग त्याने मला का ओरबाडले?”

आम्हाला उत्तर देता आले नाही. मुक्या जिवाला खाऊ घालणे म्हणजे पुण्य, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण तळलेल्या, खारट पदार्थांनी त्या जिवाचे पोट भरते, पोषण होत नाही. शिवाय माणूस म्हणजे पाकीट, एवढीच ओळख त्याला राहते. आज एकाने दिलेल्या वेफरसाठी उद्या दुसऱ्याच्या मुलाला ओरखडा बसतो. मग लोक काठी उगारतात आणि माकडाला वाईट ठरवतात. म्हणजे सवय लावणारे आपण आणि शिक्षा भोगणारे ते!

पुढल्याच महिन्यात आम्ही मुलाला ऐरोलीला नेले. ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तेथे वन विभागाच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते. बोटीची वेळ आपल्या सोयीने ठरत नाही, भरती-ओहोटीवर ठरते. बोटवाल्याने वेग कमी केला आणि पक्ष्यांपासून अंतर राखले. कोणी काही फेकले नाही, कोणी ओरडले नाही. फ्लेमिंगो, म्हणजे रोहित पक्षी, मान खाली घालून, चोच उलटी करून चिखलपाण्यातले बारीक शेवाळ व जीव गाळून खात होते. त्या अन्नातील रंगद्रव्यामुळेच त्यांना गुलाबी रंग येतो, हे तेथे समजले. मुलगा पाऊण तास चूप बसून पाहत होता. त्याच्या मनगटावरचा व्रण अजून ताजा होता.

घारापुरीच्या वाटेवर पक्षी हाताशी आले, पण आम्ही पाहिले ते आमच्याच मोबाइलमधले फोटो. ऐरोलीला पक्षी दूर होते, पण ते कसे जगतात हे दिसले. बंधू-भगिनींनो, प्राणिमात्रांशी मैत्री हा शब्द आपण नेहमी उच्चारतो. जवळ ओढणे म्हणजे मैत्री नव्हे. त्याचे त्याला जगू देणे ही मैत्री होय, एवढे आम्ही शिकलो.

आपणही मुलाबाळांना घेऊन घारापुरीला अवश्य जा. स्तूपाची टेकडी पाहा, कुरव पाहा, माकडेही पाहा. फक्त खाऊची पिशवी बंद ठेवा आणि रिकामी पाकिटे समुद्रात न टाकता घरी आणा. आम्हीही येत्या हिवाळ्यात पुन्हा जाणार आहोत. पिशवी धरण्याचे काम मुलाने स्वतःहून मागून घेतले आहे.