समाजाचा वाद्यवृंद आणि आपले कर्तव्य

(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा सारांश)



शंकराच्या देवळातील पूजाअर्चा आणि देवापुढील वादन ही आपल्या गुरव समाजाची पिढीजात सेवा होय. आज लग्नमंडपात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची सनई यंत्रातून ऐकू येते आणि आपल्याच आळीतील सनईवादक घरी बसून असतो. अशा वेळी समाजातील वादकांचा एक लहानसा वाद्यवृंद उभारण्याचा जो ठराव आपल्यापुढे आला आहे, त्यास माझा मनःपूर्वक पाठिंबा आहे. मात्र निधी कशावर खर्च व्हावा, याविषयी दोन शब्द बोलणे मी अवश्य समजतो.

आधी सभागृह बांधावे, असे कित्येकांचे म्हणणे आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरास लोकाश्रयावर गांधर्व महाविद्यालय स्थापिले. पुढे मुंबईस कर्ज काढून इमारत बांधली. कर्ज फिटेना, तेव्हा तिचा लिलाव झाला. विद्या मात्र त्यांच्या शिष्यांच्या रूपाने टिकली. मैहर संस्थानात उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी १९१८ च्या सुमारास अनाथ मुले जमवून वाद्यवृंद उभा केला. तेथे बंदुकीच्या नळ्यांचे ‘नलतरंग’ हे वाद्य घडविले गेले. तात्पर्य, वाद्य घडविता येते, इमारत पुन्हा बांधता येते. परंतु वादक एकदा गेला की तो परत येत नाही.

येथे मला स्वतःचा एक दोष सांगितला पाहिजे. माझ्या मुलीच्या लग्नात आपल्याच एका बंधूने दोन दिवस सनई वाजविली. मांडववाल्याचे व आचाऱ्याचे पैसे मी रोख चुकते केले. त्याच्या हाती मात्र ‘घरचाच माणूस’ म्हणून नारळ आणि उपरणे ठेवले. त्याने पुढे आपल्या मुलास सनई शिकविली नाही. कारण विचारले, तेव्हा तो नुसता हसला. जन्मभर मुलांना हिशेब शिकविणाऱ्या मला हा हिशेब फार उशिरा उमगला.

आता सोपे गणित पाहा. दोनशे घरांनी दरमहा शंभर रुपये दिले, तर वीस हजार रुपये जमतात. आठ वादक, महिन्यास चार तालमी आणि प्रत्येक तालमीस पाचशे रुपये मानधन धरल्यास सोळा हजार लागतात. उरलेले चार हजार पखवाजाच्या पुड्या, सनईच्या पत्त्या व प्रवास यांसाठी राहतील. जमाखर्च दरवर्षी या स्मरणिकेत छापावा. आणि सभासदाने घरच्या कार्यास वृंद बोलवावा, तो ठरलेली बिदागी देऊनच.

वर्गणीच्या यादीत पहिले नाव माझे लिहावे. त्या जुन्या देण्याची ही अंशतः तरी फेड होईल. इतके बोलून मी आपली रजा घेतो.