नळ चोवीस तास, पण परसबागेला पाणी किती?

आज परसबागेच्या पाण्याबद्दल बोलायचं आहे, आणि सुरुवात माझ्याच फजितीपासून करते.

गेल्या चैत्रात शेजारी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. निघताना मी नारळाच्या आळ्यात पाइप सोडला. म्हटलं, दहा मिनिटांत येतेच. पण आंब्याची डाळ झाली, पन्हं झालं, गप्पा झाल्या. दोन तासांनी घरी आले तर आळं फुटून पाणी गल्लीत वाहत होतं. सासूबाई दारातच उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, नुसतं मीटरकडे बोट केलं. सकाळच्या आकड्यापेक्षा जवळजवळ दोन युनिट जास्त! एक युनिट म्हणजे हजार लिटर. म्हणजे दोनशे लिटरची दहा बॅरल.

माझं माहेर माण तालुक्यातलं. टँकरच्या दिवसांत माझी आई एक बॅरल दोन दिवस पुरवायची. स्वयंपाक, भांडी, धुणं, सगळं त्यातच. तिचे वीस दिवस मी एका नारळाला एका दुपारी पाजले होते. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, खरं सांगते.

आपल्या मलकापुरात २००९च्या सुमारास चोवीस तास पाणी सुरू झालं. कोयनेचं पाणी, घरोघरी मीटर, आणि वापर वाढला की युनिटचा दरही चढत जातो. पाहायला बाहेरगावची माणसं येऊन गेली. त्याआधी कसं होतं, आठवतं ना? पाणी आलं की हंडे, कळश्या, पातेली, सगळं भरायचं आणि दुसऱ्या दिवशी नळ आला की कालचं 'शिळं' म्हणून ओतून द्यायचं. चोवीस तास पाणी आल्यावर ती साठवण सुटली, ओतणंही सुटलं. परड्यातला पाइप मात्र तसाच राहिला. मीटर घराचा असतो, पण बाग किती पिते ते वेगळं कोण पाहतं?

तर हे एकदा करून बघा. पंधरा लिटरची बादली पाइपखाली ठेवा आणि घड्याळ लावा. माझी एका मिनिटात भरली. म्हणजे अर्धा तास पाइप सोडला की साडेचारशे लिटर गेलं. आता वाफ्याला लागतं किती? जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. कडक उन्हाळ्यात भरलेला वाफा दिवसाला साधारण सहा मिलिमीटर पाणी ओढतो असं धरा. माझा वाफा दहा फूट बाय दहा फूट, म्हणजे नऊ चौरस मीटरच्या वर थोडा. हिशेब केला तर पंचावन्न-छप्पन लिटर होतात. चार बादल्या फार झाल्या! थंडीत तर त्याहूनही कमी लागतं. उरलेलं कुठं जात होतं? मुळांच्या खाली आणि गल्लीत.

जास्त पाण्यानं नुसतं बिल वाढतं असंही नाही. माझी वांगी दुपारी माना टाकायची. मी धावत जाऊन पाणी घालायची. पुन्हा दुपारी तेच, पुन्हा पाणी. शेवटी तीन रोपं उपटली तर मुळं काळी पडून कुजलेली. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. दुपारच्या उन्हात वांग्याची पानं लोंबली तरी संध्याकाळी ती सावरली असतील, तर झाड तहानलेलं नसतं. पाणी द्यायचं की नाही हे मातीला विचारा. बोट दोन पेरं आत घाला, चिमूटभर माती काढून लाडू वळा. वळला तर आज पाणी नको. सकाळी लवकर, बुडाशी, सावकाश द्यायचं, एवढं सांभाळलं तरी पुष्कळ.

आच्छादनाला आपल्याकडे काय तोटा? कऱ्हाड भागात उसाचं पाचट मागाल तितकं मिळतं, आणि लोक ते पेटवून देतात! तीन-चार बोटं जाड थर वाफ्यावर पसरा. खोडाला मात्र चिकटवू नका, चार बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर खोड कुजतं. पाचट घातल्यापासून मी टोमॅटोला एक दिवसाआड पाणी देते, तेही हात घालून बघून.

वेलांसाठी मडकं पुरा. पण कुठलंही नाही हं. रंगवलेलं, चकचकीत नको. पाणी भरल्यावर बाहेरून ज्याला घाम येतो तेच मडकं मातीत पाझरतं. माझ्या सासूबाईंचा जुना माठ मी हौसेनं पुरला, आठ दिवस पाणी जसंच्या तसं! क्षारानं त्याची छिद्रं बुजली होती. मग बाजारातून नवं साधं मडकं आणलं, गळ्यापर्यंत पुरलं, तोंडावर झाकण ठेवलं (नाहीतर डास होतात), आणि वीतभर अंतरावर दोडक्याच्या बिया टोकल्या. माती कोरडी असली की पाणी झिरपतं, ओली असली की थांबतं. तीन-चार दिवसांनी भरलं की झालं.

तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी त्याच दिवशी कढीपत्त्याला घाला, ठेवलं तर वास मारतं. धुण्याचं साबणाचं पाणी मेथी-कोथिंबिरीला मुळीच नको. आंघोळीचं पाणी मोरीतून कर्दळीकडे काढलं तर चालतं.

सासूबाईंच्या तुळशीवर मात्र माझं काही चालत नाही. रोज तांब्याभर पाणी घालणारच त्या. मी म्हटलं, "आई, लाडू वळून बघायचा ना." तर म्हणाल्या, "तुझा लाडू तुझ्या वांग्याला. माझा तांब्या एवढासा, तुझा पाइप केवढा!" काय बोलणार? खरंच होतं ते. तांब्याला हिशेब लागत नाही. मी पाइपला मात्र पुढं तोटी बसवून घेतली, आणि चुलीवरच्या कॅलेंडरवर रोज सकाळी मीटरचा आकडा लिहिते. कधी विसरले तर तो त्याच लिहून ठेवतात, शाईच्या पेननं, मोठ्या अक्षरात, मला लांबून दिसावा म्हणून.