श्यामची आई : पाहिलेली आणि ऐकलेली

'श्यामची आई' हा सिनेमा आपल्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिलाय, पुस्तक मात्र थोड्याच जणींनी वाचलंय. आमच्या गटात यंदा दोन्ही झालं.

साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. आचार्य अत्र्यांचा सिनेमा १९५३ सालचा. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्यालाच मिळालं.

सिनेमात वनमालाबाईंचा चेहराच बोलतो. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला मारणारी आई आपल्याला समोर दिसते. पुस्तकात ती भेटते मोठ्या झालेल्या लेकाच्या आठवणीतून. तो रोज रात्री सोबत्यांना तिची गोष्ट सांगतो. अशा बेचाळीस रात्री.

त्यातली एक रात्र कर्जाची. सावकाराचा माणूस वसुलीला येतो, नाही नाही ते बोलतो आणि आई त्याला चांगलंच सुनावते. आम्ही हे वाचत होतो, तेव्हा एक जण म्हणाली, "जरा थांबा." हप्त्याचा माणूस तिच्याही दारात बसून गेला होता. मग कुणी कुठून किती उचललंय, हे बैठकीत पहिल्यांदाच उघड बोललं गेलं.

सिनेमा बघून आम्ही डोळे पुसले आणि घरी गेलो. पुस्तक मधेच थांबवता आलं, म्हणून बोलता आलं.

तेव्हा सिनेमा जरूर बघा. पण बचतीच्या बैठकीत एकेक रात्र मोठ्यानं वाचाही. ज्यांना वाचता येत नाही, त्यांचं काही अडत नाही. ही गोष्ट मुळात ऐकायचीच आहे.