विषाविना रक्षण : कल्हईपासून नव्या लेपांपर्यंत



लखनौच्या अमीनाबादेत बिर्याणीची देग तांब्याची असते. पण अन्नाला तांब्याचा स्पर्श होत नाही. मध्ये कल्हई असते. कल्हईवाला देग तापवतो, नवसागराने तांबे उजळतो आणि २३२ अंश सेल्सिअसला वितळणारे कथील कापसाच्या बोळ्याने आतून पसरवतो. पुण्याच्या तांबट आळीलाही ही विद्या परिचित आहे. भांडे तांब्याचेच राहते. त्याचे वर्तन मात्र तो पातळ लेप ठरवतो.

हेच सूत्र आज जिवाणूंच्या बाबतीत मोलाचे ठरत आहे. पाण्याच्या टाकीत हाताला लागणारा बुळबुळीत थर ही बहुधा जिवाणूंची वसाहत असते. लेव्हेनहूक यांनी १६८३ साली दातांवरील कीटणात असेच जीव पाहिले. प्रथम काही जिवाणू पृष्ठभागाला चिकटतात, मग चिकट द्रव्य स्रवून त्याच्या आड वाढतात. या तटबंदीपुढे एरवी गुणकारी असणारी औषधेही दुबळी पडतात. कृत्रिम सांध्यावर असा थर बसला, तर पुष्कळदा तो सांधाच काढावा लागतो.

पूर्वीचा उपाय विषाचा होता. जहाजांच्या तळाला कथिलाच्या एका सेंद्रिय संयुगाचा, ट्रायब्यूटिलटिनचा, रंग देत. तळ स्वच्छ राहिले. परंतु समुद्री गोगलगायींच्या माद्यांत नराची इंद्रिये वाढू लागली आणि त्यांची प्रजा खुंटली. कल्हईतील निरुपद्रवी कथील या रूपात घातक ठरले. २००८ साली आंतरराष्ट्रीय कराराने त्यावर बंदी लागू झाली.

मग प्रश्नच बदलला : मारावे कसे, याऐवजी बसूच कसे देऊ नये? फ्लोरिडा विद्यापीठात अँथनी ब्रेनन यांनी शार्कच्या त्वचेवरील सूक्ष्म कंगोऱ्यांचे अनुकरण केले. हार्वर्डमध्ये जोआना आयझेनबर्ग यांच्या गटाने २०११ साली घटपर्णीच्या निसरड्या काठावरून लेप सिद्ध केला. काही लेप पाण्याचाच पातळ थर धरून ठेवतात. त्यावर जिवाणूंना पकड मिळत नाही.

तथापि लेप झिजतो, त्यावर मळ साचतो आणि त्या मळावर जिवाणू पाय रोवतात. कल्हईसुद्धा पुन्हा करावीच लागते. म्हणून मुलांची पाण्याची बाटली रोज ब्रशाने घासून कोरडी करावी. नुसती विसळून भागत नाही. शाळेच्या टाकीवर ती धुतल्याची तारीख लिहिलेली असेल, तर पालकांनी वाचावी. नसेल, तर अवश्य विचारावी.